किल्ली कोणाच्या खिशात?

कळंगुट किनाऱ्याजवळच्या एका लहानशा हॉटेलात नेपाळमधील एक स्वयंपाकी गेली अनेक वर्षे काम करतो. जूनमध्ये पाऊस लागला, शॅक उतरवले गेले आणि गिऱ्हाईक आटले की त्याला बोलायला सवड मिळते. अशाच एका दुपारी त्याने मला आपल्या थोरल्या भावाची हकिकत सांगितली. हा भाऊ माओवाद्यांच्या जनमुक्ती सेनेत होता आणि २००६ च्या शांतता करारानंतर काही वर्षे चितवन जिल्ह्यातील शक्तिखोरच्या छावणीत नुसता बसून होता. छावणीत बोटीवर माल लादतात तसला एक पोलादी कंटेनर होता. त्यात सर्वांच्या बंदुका रचून ठेवल्या होत्या, दाराला कुलूप होते, रात्रभर दिवे जळत, कॅमेरा लावलेला होता आणि कोणी दार उघडले तर भोंगा वाजेल अशी व्यवस्था होती. संयुक्त राष्ट्रसंघाचे निरीक्षक चोवीस तास लक्ष ठेवून असत. “आणि चाबी?” मी विचारले. तो हसला. “चाबी तो हमारेही कमांडर के पास.”

ऐकताना ही थट्टा वाटते, पण ती पुष्कळ विचारांती केलेली तजवीज होती. माओवाद्यांनी आपली शस्त्रे शत्रूच्या हवाली केली असती तर ती शरणागती ठरली असती, आणि ती त्यांना मान्य नव्हती. शस्त्रे खांद्यावर घेऊनच ते निवडणुकीला उभे राहिले असते तर ती निवडणूक इतर पक्षांना मान्य झाली नसती. म्हणून बंदुका कुलपात, किल्ली मालकाकडे आणि नजर तिसऱ्याची, असा मधला मार्ग काढण्यात आला. कुलूप उघडणे अशक्य नव्हते, पण गुपचूप उघडणे अशक्य होते. माओवाद्यांनी जेवढी शस्त्रे नोंदवली तेवढीच शस्त्रे नेपाळी सैन्यानेही आपल्या बराकीत याच पद्धतीने बंद करून ठेवली, आणि त्यांची किल्ली सैन्याकडे राहिली. शांतता कराराची अंमलबजावणी म्हणजे काय, हे एखाद्याला चार वाक्यांत सांगायचे झाले तर मी या कंटेनरचेच वर्णन करीन. बातमीत आपल्याला सहीचा समारंभ दिसतो, हस्तांदोलन दिसते. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षे तरी चालते.

दोन देशांमधील युद्ध संपते तेव्हा दोन्ही सैन्ये आपापल्या हद्दीत परततात. परस्परांवर काडीचाही विश्वास नसला तरी चालून जाते, कारण मध्ये सीमा असते आणि प्रत्येकाची बंदूक त्याच्याच हाती राहते. यादवी युद्धात ही सोय नसते. काल एकमेकांना मारणाऱ्यांना उद्या एकाच देशात, एकाच सैन्यात, एकाच तिजोरीवर आणि पुष्कळदा एकाच गावात राहायचे असते. (आपल्या भाषेत यादवी हा शब्द आला तो मुसळाच्या चुऱ्यातून उगवलेल्या लव्हाळ्यांनी आपसांत लढून संपलेल्या यादवांच्या कथेवरून, तिथे करार करायला दुसरी बाजू उरलीच नाही, त्यामुळे ती कथा आपल्याला पुढचे काही शिकवत नाही.) शिवाय यात एक विचित्र तिढा असतो. बंडखोरांचे सारे बळ त्यांच्या शस्त्रांत असते. ती एकदा खाली ठेवली की सरकारने दिलेली वचने पाळावीत म्हणून दबाव आणण्याचे साधनच त्यांच्याकडे राहत नाही. सरकारलाही अशीच भीती असते की, आपण यांना राजधानीत घर, सभेत जागा आणि आकाशवाणीवर वेळ दिला, आणि जंगलात यांची फौज तशीच लपून राहिली, तर काय करायचे? म्हणजे दोघांनाही शांतता मनापासून हवी असली, तरी पहिले पाऊल टाकणारा मूर्ख ठरण्याची शक्यता असते.

गोव्यातील वाचकाला हे समजण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. देवस्थानच्या महाजनांत दोन तट पडले, पालखीचा मान कोणाचा यावरून प्रकरण हातघाईवर आले, की मामलेदार मध्ये पडतो, आणि पहिला प्रश्न किल्ल्यांचाच निघतो: गाभाऱ्याची कोणाकडे, दागिन्यांच्या पेटीची कोणाकडे. त्या वर्षी जत्रा पार पडते ती दोन्ही गटांची मने जुळली म्हणून पार पडत नाही. मामलेदार उभा आहे आणि सारा गाव पाहतो आहे, म्हणून पार पडते. फरक इतकाच, की मामलेदाराच्या मागे पोलीस असतात, न्यायालय असते. देशच दुभंगतो तेव्हा त्याच्या वर कोणी मामलेदार नसतो. तो बाहेरून आणावा लागतो, आणि त्याच्या पाठीशी कोणाची ताकद, कोणाचा पैसा आणि किती दिवस, हे आधी ठरवावे लागते.

करारानंतरची कामे कागदावर मांडली तर ती साधी दिसतात. गोळीबार थांबवायचा, दोन्हीकडचे सैनिक ठरलेल्या छावण्यांत आणायचे, त्यांची नोंद करून शस्त्रे ताब्यात घ्यायची, काहींना नव्या एकत्रित सैन्यात घ्यायचे आणि उरलेल्यांना पैसे व कामधंदा देऊन घरी पाठवायचे, बंडखोर संघटनेचा राजकीय पक्ष होऊ द्यायचा, हंगामी सरकार चालवायचे, निर्वासितांना परत आणायचे, निवडणूक घ्यायची, गरज असेल तर नवे संविधान लिहायचे, आणि झालेल्या अत्याचारांचे काय करायचे ते ठरवायचे. या यादीत अवघड असतो तो क्रम. सैनिक घरी जाण्याआधी निवडणूक घ्यायची की नंतर, या एका प्रश्नावर एकाच वसाहतवादी सत्तेतून एकाच वर्षी सुटलेल्या दोन देशांचे नशीब वेगळे झाले.

अंगोलात आधी निवडणूक झाली. मे १९९१ मध्ये तिथे करार झाला, आणि सप्टेंबर १९९२ च्या अखेरीस मतदानही झाले. मधल्या काळात दोन्ही सैन्ये मोडून एक करायची होती, ते काम अर्धेमुर्धेच झाले होते. देखरेखीसाठी संयुक्त राष्ट्रसंघाने पाठवले होते काहीशे निरीक्षक, तेही भारताच्या एक तृतीयांशाहून थोड्या मोठ्या अशा देशात. त्या मोहिमेच्या प्रमुख मार्गारेट अॅन्स्टी यांनी सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक ७४७ वरून कोटी केली होती, की आपल्याला जंबो विमान चालवायला दिले आहे, पण इंधन मात्र जुन्या छोट्या विमानापुरते. पहिल्या फेरीत अध्यक्ष दुश सांतुश यांना सुमारे साडेएकोणपन्नास टक्के आणि युनिटा या बंडखोर संघटनेचे नेते जोनास साविंबी यांना चाळीस टक्के मते पडली. साविंबींनी निकाल खोटा ठरवला, आणि त्यांच्या हाताशी फौज तयारच होती. दुसरी फेरी झालीच नाही. युद्ध मध्ये काही काळ थांबत, पुन्हा पेटत, फेब्रुवारी २००२ मध्ये साविंबी मारले जाईपर्यंत चालले. निवडणूक म्हणजे शांततेवरची मोहर, अशी जी एक समजूत आहे ती इथे चांगलीच महागात पडली. हरणाऱ्याच्या हाती बंदूक असेल तर मतमोजणी ही युद्धाची पहिली फेरीच ठरू शकते.

मोझांबिकचा करार झाला नेमका याच दिवसांत, ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, म्हणजे अंगोला पुन्हा पेटत असतानाच. त्याबद्दल मला जास्त विस्ताराने लिहायचे आहे, कारण तो यशाचा नमुना म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेही, पण अर्धाच.

हे नाव गोव्यात परके नाही. १७५२ पर्यंत मोझांबिकचा पोर्तुगीज कारभार गोव्याहून चाले. पुढच्या काळात कारकून, शिक्षक, डॉक्टर, व्यापारी म्हणून इथली कित्येक कुटुंबे लोरेन्सो मार्किस, म्हणजे आजचे मापुतो, आणि बैरा या शहरांत जाऊन राहिली, आणि १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर त्यांतली काही परतली. स्वातंत्र्यलढा चालवणाऱ्या फ्रेलिमोच्या आतल्या वर्तुळात बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा होते. पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबर १९ ऑक्टोबर १९८६ च्या विमान अपघातात त्यांचाही अंत झाला. म्हापशाला माझ्या ओळखीच्या एका घरात शोकेसमध्ये त्या देशाचा टेबलावर ठेवायचा लहान ध्वज आहे. त्यावर पुस्तक, कुदळ आणि संगीन लावलेली एके-४७ बंदूक आहे. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण ती बंदूकच आहे ना, याची खात्री करून घेतो.

स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांत यादवीला तोंड फुटले. एका बाजूला फ्रेलिमोचे एकपक्षीय सरकार, दुसऱ्या बाजूला रेनामो ही बंडखोर संघटना. तिला आधी ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतील, गोऱ्या राजवटीने उभे केले आणि १९८० नंतर दक्षिण आफ्रिकेने पोसले. बाहेरच्यांनी काडी लावली हे खरे, पण जळायला आत गवत होते: सक्तीने वसवलेली सामुदायिक खेडी, परंपरागत गावप्रमुखांचा झालेला अपमान, आणि राजधानी पार दक्षिण टोकाला असल्यामुळे मध्य आणि उत्तर भागांत साचलेला दुरावा. हिंसा, भूक आणि रोगराई मिळून सुमारे दहा लाख माणसे मेली, आणि पंधरा लाखांहून अधिक लोक शेजारच्या देशांत पळाले. शीतयुद्ध संपले, दक्षिण आफ्रिकेने हात आखडता घेतला आणि त्यातच १९९२ चा भयंकर दुष्काळ पडला. तोवर दोन्ही सैन्यांना पुढे लढायला खायचेच उरले नव्हते. रोममध्ये सांत एजिदिओ या सामान्य कॅथलिक स्त्री-पुरुषांच्या संस्थेने, बैराचे आर्चबिशप जाइमे गोन्साल्विस यांना बरोबर घेऊन, दोन वर्षांहून अधिक काळ दोघांना एका टेबलाशी बसवले, आणि करार झाला.

करारानुसार निवडणूक वर्षभरात, ऑक्टोबर १९९३ मध्ये व्हायची होती. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमेचे प्रमुख, इटलीचे आल्दो अयेल्लो यांनी मात्र अंगोलाचा धडा गिरवला: सैनिक छावण्यांत येऊन घरी गेल्याशिवाय मतदान नाही. त्यासाठी निवडणूक एक वर्ष पुढे गेली. या वेळी काहीशे निरीक्षकांवर न भागवता हजारो सैनिक आले. त्यांत भारतीय सैन्याच्या तुकड्याही होत्या. एकूण ४९ छावण्या ठरल्या, २९ सरकारच्या आणि २० रेनामोच्या. त्या उघडायलाच महिने लागले, कारण प्रत्येक बाजू दुसरीची किती माणसे आत आली ते मोजून मगच आपली पाठवी.

यात एक गोष्ट अशी घडली, जी करार लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनी नव्हती. नव्या सैन्यात दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा हजार, असे तीस हजार सैनिक घ्यायचे ठरले होते, आणि नेते त्या आकड्यावरून भांडत होते. प्रत्यक्ष सैनिकांना विचारले, तेव्हा बहुतेकांनी सांगितले, आम्हाला घरी जायचे आहे. छावणीत महिनोन् महिने कुजत पडलेल्या सैनिकांनी १९९४ मध्ये बंडे केली, रस्ते अडवले, अधिकाऱ्यांना ओलीस धरले, आणि त्यांची मागणी एकच होती: आम्हाला लवकर मोकळे करा. शेवटी नव्या सैन्यात भरती झाले जेमतेम बारा हजार. सुमारे ७८ हजार घरी गेले. जाताना त्यांना कपडे, थोडे बियाणे, अवजारे आणि गावापर्यंतचा प्रवास मिळाला, आणि त्यांचा पगार दोन वर्षे चालू राहिला: सहा महिने सरकारकडून आणि अठरा महिने देणगीदार देशांकडून. हे पैसे गावाजवळच्या बँकेच्या शाखेत हप्त्याहप्त्याने मिळत. एकरकमी दिले असते तर ते शहरातच उडाले असते. हप्त्यांमुळे माणूस दोन वर्षे गावाशी बांधला गेला, आणि तेवढ्यात शेताची दोन पिके निघाली. कोणी आखले ते ठाऊक नाही, पण मला या साऱ्या योजनेत हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते.

दुसरा शहाणपणा जरा अवघडल्यासारखा वाटेल असा आहे. जंगलात पंधरा-सोळा वर्षे काढलेल्या संघटनेकडे पक्ष चालवायला ना कार्यालय होते, ना कारकून, ना कोट. रेनामोचे नेते आफोन्सो ध्लाकामा यांनी राजधानीत घर मागितले, गाड्या मागितल्या, आणि संयुक्त राष्ट्रसंघाने चक्क एक निधी उभारून, त्यात मुख्यतः इटलीचे पैसे घालून, रेनामोला पक्ष होण्यासाठी दीड कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दिली. याला लाच म्हणणारे तेव्हाही होते. पण संपूर्ण मोहिमेला सुमारे ४९ कोटी डॉलर लागले हे लक्षात घेतले, तर बंडखोराला राजधानीच्या राहणीची गोडी लावायला लागलेला हा खर्च मला तरी स्वस्तातला वाटतो. ज्याला गमावण्यासारखे काही असते, तो जंगलात परतण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

त्याची कसोटी लागलीच. मतदान २७ ऑक्टोबर १९९४ रोजी सुरू व्हायचे होते, आणि आदल्या रात्री ध्लाकामांनी बहिष्कार जाहीर केला. शेजारी देशांच्या प्रमुखांनी, राजदूतांनी आणि अयेल्लो यांनी एका दिवसात त्यांचे मन वळवले, आणि मतदान एक दिवस वाढवण्यात आले. लोक रांगा सोडून गेले नव्हते. फ्रेलिमोचे राष्ट्राध्यक्ष जुआकिम शिसानो यांना ५३ टक्के, ध्लाकामांना जवळपास ३४ टक्के मते पडली. २५० जागांच्या सभेत फ्रेलिमोला १२९ आणि रेनामोला ११२ जागा मिळाल्या. ध्लाकामा हरले आणि जंगलात परतले नाहीत. जानेवारी १९९५ पर्यंत संयुक्त राष्ट्रसंघाच्या फौजा निघून गेल्या, आणि जगाने या प्रकरणावर यशस्वी असा शिक्का मारला.

आता उरलेले अर्धे. त्या निवडणुकीत रेनामोने मध्य आणि उत्तरेतील पाच प्रांतांत फ्रेलिमोपेक्षा अधिक मते घेतली होती. पण संविधानानुसार प्रांतांचे राज्यपाल राष्ट्राध्यक्ष नेमत, आणि त्यामुळे या पाचही प्रांतांत राज्यपाल आले ते फ्रेलिमोचेच. सरकारच्या दृष्टीने यात बेकायदा काहीच नव्हते. रेनामोच्या माणसाला मात्र दिसत राहिले की, मते आपल्याला आणि नोकऱ्या, ठेके, जमिनीचे परवाने त्यांना. १९९९ ची निवडणूक ध्लाकामा अगदी थोडक्यात हरले आणि त्यांनी मतमोजणीवर गंभीर आक्षेप घेतले. त्यांचे समाधान झाले नाही. दुसरी उणीव शस्त्रांची. सैनिक छावणीत जुनी गंजलेली बंदूक जमा करतो आणि चांगली तेल लावून जमिनीत पुरून ठेवतो, हा जगभरचा अनुभव आहे. मोझांबिकच्या ख्रिस्ती परिषदेने १९९५ पासून ही पुरलेली शस्त्रे बाहेर काढण्यासाठी वेगळीच मोहीम चालवली: बंदूक आणून द्या आणि शिलाई मशीन, सायकल, कुदळ किंवा छपराचे पत्रे घेऊन जा. एका गावाने तर ढीगभर शस्त्रे देऊन ट्रॅक्टर घेतला. जमा झालेल्या बंदुका कापून कलावंतांनी त्यांच्या खुर्च्या आणि पुतळे केले. पण याहून मोठी उणीव उघड्यावर होती. करारातच ध्लाकामांच्या संरक्षणासाठी रेनामोची स्वतःची सशस्त्र माणसे राहू देण्याची तरतूद होती, ती तात्पुरती मानली गेली होती, आणि ती तात्पुरती व्यवस्था तशीच चालू राहिली. सोफाला प्रांतात, गोरोंगोझाच्या परिसरात, ही माणसे म्हातारी होईपर्यंत बंदुका घेऊन बसली होती.

ऑक्टोबर २०१२ मध्ये, कराराला वीस वर्षे होत असताना, ध्लाकामा राजधानी सोडून गोरोंगोझाच्या डोंगरात परत गेले. पुढच्या वर्षी महामार्गावर बसगाड्यांवर गोळीबार सुरू झाला, सरकारी फौजेने त्यांचा तळ घेतला, आणि रेनामोने १९९२ चा करार संपल्याचे जाहीर केले. २०१४ मध्ये पुन्हा समझोता, पुन्हा चकमकी, २०१६ च्या अखेरीस पुन्हा युद्धबंदी. २०१८ मध्ये संविधान बदलून, राज्यपाल प्रांताच्या निवडणुकीतून यावेत असे ठरले, म्हणजे चोवीस वर्षांपूर्वीचा प्रश्न हाती घेण्यात आला. त्याच वर्षी मे महिन्यात ध्लाकामा वारले. त्यांच्या वारसाने ऑगस्ट २०१९ मध्ये नवा करार केला, आणि सुमारे ५,२०० जुन्या लढवय्यांची नोंद होऊन रेनामोचा शेवटचा तळ जून २०२३ मध्ये बंद झाला. रोममधल्या सहीनंतर तीस वर्षांहून अधिक काळ गेला होता. त्या देशाच्या उत्तरेला काबो देलगादोमध्ये २०१७ पासून चाललेला हिंसाचार हे वेगळे प्रकरण आहे, त्याचा या कराराशी संबंध जोडू नये.

नेपाळची अडचण निराळी होती. तिथे सत्ता कोणाची एवढाच प्रश्न नव्हता. राज्य कसले, हेच नव्याने ठरवायचे होते. दहा वर्षांच्या संघर्षात सतरा हजारांच्या आसपास माणसे गेली होती. २१ नोव्हेंबर २००६ रोजी पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवाद्यांचे नेते प्रचंड यांनी सही केली, त्यानंतर अंतरिम संविधान आले, माओवादी हंगामी सरकारात आले, दोनदा पुढे ढकललेली संविधानसभेची निवडणूक एप्रिल २००८ मध्ये झाली, आणि माओवादी सर्वांत मोठा पक्ष ठरले. २८ मे २००८ रोजी राजेशाही संपली. इथवर सारे भराभर झाले. अडले ते दोन ठिकाणी: संविधानात प्रांत कसे पाडायचे, आणि छावणीतल्या माणसांचे काय करायचे. पहिल्या संविधानसभेची मुदत वाढवत वाढवत अखेर २०१२ मध्ये ती संविधानाविनाच संपली. दुसरी निवडावी लागली, आणि संविधान लागू झाले ते २० सप्टेंबर २०१५ रोजी.

माझ्या ओळखीच्या स्वयंपाक्याचा भाऊ या सर्व काळात पत्ते खेळत, कवायत करत आणि भत्त्याची वाट पाहत बसला होता. संयुक्त राष्ट्रसंघाने तपासणी करून १९,६०२ लढवय्ये खरे मानले. नोंदवलेली शस्त्रे मात्र साडेतीन हजारांच्या आतच होती, यावरून ज्याला जो अर्थ काढायचा तो त्याने काढावा. चार हजारांवर लोक वयाने लहान म्हणून किंवा उशिरा भरती झाले म्हणून बाद ठरले होते, आणि अपात्र हा शिक्का त्यांना फार लागला. नेपाळी सैन्याला विचारसरणीने भारलेले सैनिक आत नको होते. २००९ मध्ये सेनापतींना हटवण्याच्या वादातच प्रचंड यांनी पंतप्रधानपद सोडले. नोव्हेंबर २०११ मध्ये पक्षांचे एकमत झाले, की जास्तीत जास्त साडेसहा हजार जणांना सैन्यात घ्यावे. प्रत्यक्षात गेले दीड हजारांच्या आत. बाकीच्या बहुतेकांनी हुद्द्याप्रमाणे पाच ते आठ लाख नेपाळी रुपयांचा धनादेश घेतला. प्रशिक्षण आणि रोजगाराची जी पुनर्वसन योजना होती, ती निवडणारे निघाले फक्त सहा. या भावाने धनादेश घेतला, थोडे कर्ज फेडले आणि उरलेल्या पैशांतून कतारचा व्हिसा काढला. मोझांबिकच्या हप्त्यांची आठवण मला इथेच झाली.

बाहेरचा मामलेदार प्रत्येक ठिकाणी लागतोच असे नाही. आपल्याच देशात मिझोरममध्ये १९६६ पासून वीस वर्षे चाललेले बंड ३० जून १९८६ च्या कराराने संपले. तिथे हमी कागदाची नव्हती, खुर्चीची होती: काँग्रेसचे मुख्यमंत्री लालथनहवला पायउतार होऊन उपमुख्यमंत्री झाले आणि बंडखोरांचे नेते लालडेंगा हंगामी सरकारचे मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९८७ मध्ये मिझोरम राज्य झाले. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवाही राज्य झाले, त्यामुळे ते साल आपल्या लक्षात राहते ते वेगळ्या कारणाने. लालडेंगा पुढे सत्तेवरून गेले, १९८९ ची निवडणूक त्यांचा पक्ष हरला, आणि बंदुका बाहेर आल्या नाहीत. १९९८ मध्ये त्यांचेच जंगलातले सहकारी झोरमथंगा मतपेटीतून मुख्यमंत्री झाले. अर्थात तिथे एका मोठ्या राज्यसंस्थेने एका लहान प्रदेशाशी तडजोड केली होती, आणि केंद्राला ती परवडणारी होती. राजधानीच दुभंगलेल्या देशाला हा मार्ग तसाच्या तसा लागू पडत नाही.

भूसुरुंगांबद्दल दोनच वाक्ये, कारण करारात त्यांचे कलम छोटे असते. मोझांबिक सुरुंगमुक्त जाहीर व्हायला सप्टेंबर २०१५ उजाडले, आणि तोवर शेतकरी आपल्याच शेतात पाऊल जपून टाकत होता.

न्यायाचा प्रश्न मात्र सर्वत्र शेवटी ठेवला जातो, आणि त्याला कारण आहे. सही करणारे पुष्कळदा स्वतःच आरोपी असतात. करार झाल्यावर तुरुंग वाट पाहतो आहे असे दिसले तर सही कोण करील? मोझांबिकने करारानंतर काही दिवसांतच सर्वांना माफी देणारा कायदा केला, चौकशी आयोग नेमला नाही, आणि गावांनी आपापल्या परीने वाट काढली. परत आलेल्या सैनिकाला वैदूने धुऊन, धूप घालून, पूर्वजांना सांगून मगच घरात घेतले जाई. गोरोंगोझाकडे अशी श्रद्धा आहे की, अन्यायाने मेलेल्या सैनिकाचा आत्मा मारणाऱ्याच्या कुटुंबात संचारतो आणि हिशेब मागतो; तो बोलू लागला की दोन्ही घरे समोरासमोर बसून, जे न्यायालयात कधी आले नसते ते बोलतात. अवसर आणि कौल पाहत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मात्र ज्याचा मुलगा नेला गेला आणि ज्याला कोणी काहीच सांगितले नाही, त्याचे एवढ्यावर भागते, असे मला वाटत नाही.

नेपाळच्या करारात स्पष्ट कलम आहे: बेपत्ता केलेल्या आणि मारल्या गेलेल्या माणसांची नावे, पत्ते आणि माहिती दोन्ही बाजूंनी ६० दिवसांत जाहीर करायची. संपूर्ण करारात इतकी नेमकी मुदत थोड्याच गोष्टींना होती. आयोग नेमले गेले २०१५ मध्ये. सत्यशोधनाच्या आयोगाकडे साठ हजारांहून अधिक तक्रारी आल्या, बेपत्ता व्यक्तींच्या आयोगाकडे सुमारे तीन हजार. त्यासंबंधीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सुधारायला ऑगस्ट २०२४ उजाडले.

त्या स्वयंपाक्याचा मामा शाळेत शिकवत असे. त्याला एका संध्याकाळी घरून नेले. नेणारे सरकारी होते, असे आजी म्हणते. शेजारी अजून काहीच म्हणत नाहीत. तक्रार नोंदवली २०१६ मध्ये, जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन, आजीला पाठीवर घेऊन. त्याची जी पावती मिळाली तिचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये आहे: एक शिक्का, एक क्रमांक आणि कोपऱ्यात पाण्याचा डाग. त्या दुपारी त्याने तो मला मोठा करून दाखवला. मोबाइल बदलला की नव्यात सर्वांत आधी तो हाच फोटो घेतो, आणि मग घरच्यांचे.